कोलॅजेन स्कॅफोल्ड: भिजवून पाहिल्याशिवाय मत देऊ नये

"मॅडम, जेल गेलं."

प्लेट हातात धरून नवी विद्यार्थिनी दारात उभी होती, चेहरा पडलेला. तीन दिवसांपूर्वी तिने २४ वेलच्या, म्हणजे २४ छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये कोलॅजेनचं जेल ओतलं होतं, आत माणसाच्या त्वचेतले फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजेन बनवणाऱ्या पेशी, मिसळून. जेल धरल्यावर, सांगितल्याप्रमाणे, कडेने सुई फिरवून ते सुटंही केलं होतं. आता वेलभर पसरलेल्या चकतीच्या जागी शर्टाच्या बटणाहून लहान अशी एक पांढरट गोळी तरंगत होती.

जेल कुठेही गेलं नव्हतं. पेशींनी त्याचे धागे धरून ओढले, आतलं पाणी पिळून काढलं आणि सगळा पसारा स्वतःभोवती आवळून घेतला. संशोधक यूजीन बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली हेच दाखवलं होतं. जिवंत पेशी असलेल्या कृत्रिम त्वचेची वाट तिथूनच पुढे गेली. हे सगळं मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हे बाटलीवर का लिहीत नाहीत?"

खरंच, का लिहीत नाहीत? पेशींना वाढायला दिलेल्या सांगाड्याला स्कॅफोल्ड म्हणतात. अकरा वर्षं मी कोलॅजेनच्या, म्हणजे त्वचा-हाडांतल्या धाग्यांच्या प्रथिनाच्या, अशा सांगाड्यांवर पेशी वाढवते आहे, बहुतेक वेळ त्वचेच्या आतल्या थराचं मॉडेल बनवण्यासाठी, मधली दोन वर्षं कूर्चेसाठी (सांध्यातल्या मऊ हाडासाठी). या काळात बाटलीतलं, स्पंजातलं, पडद्याच्या रूपातलं, माशाचं, गाईचं, डुकराचं, उंदराचं असं बऱ्याच प्रकारचं कोलॅजेन हाताखालून गेलं. माहितीपत्रकं वाचून विकत घेतलं आणि कितीदा तरी पस्तावले. कारण त्या पत्रकांवरचे आकडे बहुधा कोरड्या मालाचे असतात, नाहीतर पेशी न घातलेल्या मालाचे. मी तीनदा बघते: भिजवल्यावर, पेशी सोडल्यावर आणि मग एका आठवड्याने. खालची मतं त्या तीन बघण्यांवरची आहेत. मी डॉक्टर नाही. रुग्णाच्या अंगावर काय लावावं हे या लेखातून कुणी ठरवू नये.

आधी माल काय आहे ते थोडक्यात. कोलॅजेन या शब्दात ग्रीक 'कोला' आहे, म्हणजे सरस. सुताराचा सरस तोच: जनावरांची कातडी, हाडं, कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) उकळून काढलेला. पण उकळण्याआधी तो सरस नसतो, तिपेडी वेणी असते. तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या, लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर, जाडी दीड नॅनोमीटर. साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन लागतंच, कारण वेणीच्या गाभ्यात दुसरं कुठलंही अमिनो आम्ल मावत नाही. ही मांडणी मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये सुचवली. माणसाच्या शरीरात कोलॅजेनचे २८ प्रकार मोजले गेले आहेत, त्यातला टाइप १ सगळ्यांत जास्त, आणि बाजारात मिळतं तेही मुख्यतः तेच. वेणी सुटली की उरतं ते जिलेटिन. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बाटली. उंदराच्या शेपटीच्या कंडरांतून सौम्य अॅसेटिक आम्लात विरघळवून काढलेलं टाइप १ कोलॅजेन. माझं सर्वांत जास्त आयुष्य हिच्यासोबत गेलं, त्यामुळे हिच्याबद्दल थोडं जास्त बोलणार.

बाटलीत ते पाक धरल्यासारखं घट्ट, पारदर्शक असतं आणि पिपेटमध्ये चढायला नाखूश. घाईने ओढलं की टोकात हवा शिरते, मोजमाप चुकतं आणि तो बुडबुडा शेवटपर्यंत जेलमध्ये बसून राहतो. टिपचं टोक कापून तोंड मोठं करायचं, सगळं बर्फावर ठेवायचं, हात शांत ठेवायचा. क्रम असा: दहापट तीव्रतेचं मीडियम (पेशींचं पोषक द्रावण), पाणी, सोडियम हायड्रॉक्साइड, मग कोलॅजेन, आणि शेवटी पेशी. मीडियममधलं फिनॉल रेड, म्हणजे आम्लता दाखवणारा रंग, पिवळ्यावरून गुलाबीसर लाल झालं की पीएच ७ च्या पुढे आलं. जांभळट झालं तर अल्कली जास्त पडली, पेशी मरणार, टाकून द्या. मग इन्क्युबेटरमध्ये ३७ अंशांवर अर्धा ते एक तास. वेण्या आपोआप एकमेकींना चिकटून धागे होतात आणि पाण्यासारखं मिश्रण धुरकट होऊन धरतं. जोडणारं कसलंही रसायन न घालता, फक्त ऊब आणि पीएच. हे अजूनही मला बघत बसावंसं वाटतं.

बघत बसण्यात एक धोका आहे. मिश्रण टेबलावर रेंगाळलं तर कमी तापमानाला जाड धागे आणि मोठ्या फटी असलेलं जेल बनतं, थेट ३७ ला गेलं तर बारीक धाग्यांचं. म्हणजे पहिली वेल आणि चोविसावी वेल यांच्यात दहा मिनिटांचा फरक पडला तर ती दोन वेगळी मटेरियल झाली. आमच्याकडे एकदा महिनाभर "डाव्या बाजूच्या पेशी जास्त पसरतात" असं गूढ चाललं होतं. डावी बाजू आधी ओतली जायची, एवढंच होतं.

मजबुतीची अपेक्षा ठेवू नका. मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम म्हणजे हजारात तीन भाग कोलॅजेन, बाकी पाणीच. ज्या कंडरेतून हे काढलं ती चांगलीच ओढ सोसते, आणि त्याच कोलॅजेनचं हे जेल चिमट्याने उचलताना फाटतं. कंडरेत वेण्या ओळीने रचलेल्या, एकमेकींत घट्ट बांधलेल्या असतात. बाटलीत फक्त विटा येतात, गवंडी येत नाही.

लॉट, म्हणजे एका वेळी बनवलेला माल, हा या बाटलीचा खरा दोष. लेबलवर "३ ते ४ मिलिग्रॅम" असा अंदाज असतो, नेमका आकडा लॉटच्या प्रमाणपत्रावर, आणि ते प्रमाणपत्र बऱ्याच जणांनी कधी उघडलेलंच नसतं. प्रत्येक लॉटला सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो. आकडा सारखा असला तरी जेल धरण्याचा वेळ वेगळा असू शकतो. माझा सल्ला: आवडलेला लॉट सापडला की पुरवठादाराला सांगून त्याच्या सहा-सात बाटल्या राखून घ्या.

आणि पार्सल आल्याबरोबर उघडून बघा. एका खेपेला बर्फाच्या पिशव्या डीप फ्रीझरमधून काढून थेट बाटलीला चिकटवून पाठवल्या होत्या. कोलॅजेन गोठलं. वितळल्यावर आत पांढरे तंतू, दूध नासल्यासारखे, आणि जेल गाठी-गाठींचं. पुरवठादाराचं उत्तर आलं की "दिसण्यातल्या फरकाचा कामगिरीवर परिणाम होत नाही". जेलचे फोटो, धरण्याच्या वेळाचा तक्ता, आधीच्या लॉटशी तुलना असं सगळं पाठवल्यावर बाटली बदलून मिळाली, पण वेगळ्या लॉटची. अर्धा झालेला प्रयोग पहिल्यापासून करावा लागला. तरीही बाटलीला पाचपैकी चार. पेशींना आत मिसळून, चहूबाजूंनी वेढून ठेवायचं असेल तर याहून सोपं आणि पेशींना याहून मानवणारं दुसरं काही मी वापरलेलं नाही.

पेप्सिनने टोकं छाटलेलं कोलॅजेन, म्हणजे अॅटेलोकोलॅजेन, हे त्याचं सभ्य भावंड. वेणीच्या दोन्ही टोकांना न वळलेले छोटे शेपटे असतात. परक्या प्राण्याचं कोलॅजेन म्हणून शरीर जी कुरकुर करतं, तिचा बराच भाग या शेपट्यांमुळे. ते काढले की कुरकुर कमी होते. पण धागे जोडायलाही हेच शेपटे मदत करतात, त्यामुळे जेल उशिरा धरतं आणि मऊ राहतं. शरीरात घालण्याच्या दिशेने काम असेल तर हे घ्या. प्लेटमध्येच राहणार असेल तर मला कारण दिसत नाही.

स्पंजाकडे येते. याचं कौतुकही जास्त आहे आणि तक्रारही.

कोलॅजेन आम्लात फेटून पातळ लगदा करायचा, गोठवायचा आणि मग निर्वातात बर्फाची थेट वाफ करायची. बर्फाचे स्फटिक जिथे होते तिथे पोकळी उरते. म्हणजे स्पंजातलं प्रत्येक छिद्र हा एका विरलेल्या स्फटिकाचा साचा. हळू किंवा कमी थंडीत गोठवलं की स्फटिक मोठे, छिद्रं मोठी. मिनिटाला ०.९ अंश इतक्या एकसारख्या गतीने गार केलं आणि शेवटचं तापमान उणे ४० ते उणे १० च्या दरम्यान बदललं, तर सरासरी छिद्र साधारण ९६ पासून १५१ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हलवता येतं. फर्गल ओब्रायन, ब्रेंडन हार्ले, यानस आणि लोर्ना गिब्सन यांचं हे काम वीसेक वर्षांपूर्वीचं. घरचं फ्रीझ-ड्रायर, म्हणजे असं गोठवून सुकवण्याचं यंत्र, असणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेने ते भिंतीवर लावावं.

त्यातले यानस म्हणजे आयोआनिस यानस, एमआयटीचे. सर्जन जॉन बर्क यांच्यासोबत त्यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी गाईच्या कंडरेचं कोलॅजेन आणि काँड्रॉइटिन-६-सल्फेट (शर्करेची एक लांब साखळी) यांचा सच्छिद्र थर बनवला, वर सिलिकॉनचा पातळ पापुद्रा. १९८१ मध्ये त्यांनी दहा रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. अमेरिकेत १९९६ साली हेच 'इंटेग्रा' नावाने मंजूर झालं. खालचा थर जखमेवर बसतो, रुग्णाच्या पेशी आणि रक्तवाहिन्या त्यात शिरतात, दोन-तीन आठवड्यांनी सिलिकॉन काढून वर त्वचेचा अगदी पातळ थर लावतात. छिद्रं २० ते १२५ मायक्रॉनच्या पट्ट्यात असली आणि थर योग्य वेगाने विरघळला, तर जखम आक्रसून व्रण होण्याऐवजी आतली त्वचा बऱ्याच अंशी पुन्हा तयार होते, हे त्यांचं मोठं निरीक्षण. मला त्यातला "योग्य वेगाने" हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मराठीत इमारतीच्या स्कॅफोल्डिंगला परांची म्हणतात, आणि ती इमारत उभी राहिल्यावर मजूर काढतात. इथे काढणारा कुणी नाही. राहायला आलेल्या पेशीच परांची खातात, आणि जाता जाता स्वतःची भिंत बांधतात. खाणं आणि बांधणं यांचा ताळमेळ चुकला की सगळं चुकलं.

आता तक्रार. तयार स्पंज डब्यातून काढला की फार देखणा असतो. पांढराशुभ्र, हलका, बोटाने दाबला तर परत फुगतो. तो मीडियममध्ये टाका. कोलॅजेन-काँड्रॉइटिन स्पंजाचा ताठपणा कोरडा असताना साधारण ३० किलोपास्कल मोजला गेला आहे, भिजल्यावर सुमारे ०.२. दीडशे पटींचा फरक. एका पुरवठादाराच्या पत्रकावर "उत्कृष्ट यांत्रिक बळ" असं छापलं होतं, खाली आकडा होता, आणि चाचणी कोरड्या नमुन्यावर केल्याचं तळटीपेत. तो स्पंज आमच्याकडे मीडियम बदलताना पिपेटच्या ओढीने वेलच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा, ओल्या टिश्यू पेपरसारखा.

दुसरं, साय. गोठताना साच्याच्या पृष्ठभागावर कोलॅजेनचा दाट पापुद्रा धरतो. वरून पेशी टाकल्या की त्या त्यावरच पसरतात, मस्त वाढतात, आणि पेशी मोजण्याच्या रंगाच्या चाचणीत आकडे फार छान येतात. पेशी भरपूर आहेत, पण सगळ्या गच्चीवर. आत कुणी नाही. हे मला पहिल्या वर्षी कळलं नाही. नमुना उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तेव्हा रंगवलेल्या पेशींच्या निळ्या ठिपक्यांची एकच रेघ दिसली, खाली शुकशुकाट. तेव्हापासून स्पंज घेताना मी दोनच प्रश्न विचारते: पापुद्रा कापलेला आहे का, आणि उभ्या छेदाचा फोटो आहे का. वरून काढलेला फोटो सगळेच पाठवतात.

पेशी आत गेल्या तरी गाभ्यातल्या उपाशी राहतात. रक्तवाहिनीशिवाय प्राणवायू दाट ऊतीत शंभर-दोनशे मायक्रॉनपलीकडे पुरेसा पोचत नाही. त्यामुळे पाच मिलिमीटर जाड स्पंज घेऊन "त्रिमितीय कल्चर" केल्याचं समाधान करून घेऊ नका. मी दोन मिलिमीटरच्या वर जात नाही आणि प्लेट हलत्या मंचावर ठेवते. पेशी सोडताना सगळं पाणी एकदम ओतायचं नाही. स्पंज टिपून घ्यायचा, पेशींचं थोडं दाट मिश्रण थेंबाने द्यायचं, तासभर चिकटू द्यायच्या, मग मीडियम भरायचं. आणि नुसतं मीडियम नाही. व्हिटॅमिन सी नसेल तर फायब्रोब्लास्टना स्वतःचं कोलॅजेन नीट वळता येत नाही, स्कर्व्हीमध्ये शरीराचं होतं तसंच. साधं अॅस्कॉर्बिक आम्ल मीडियममध्ये लवकर खराब होतं, म्हणून त्याचं फॉस्फेट रूप घाला. नाहीतर पेशी परांची खातील, भिंत बांधणार नाहीत, आणि तुम्ही स्पंजाला नावं ठेवाल.

विकतचा स्पंज: पाचपैकी तीन. स्वतः केलेला: ज्या आठवड्यात फ्रीझ-ड्रायरचा पंप चालतो त्या आठवड्यात साडेचार.

स्पंज असो वा जेल, तो किती टिकेल हे ठरतं क्रॉसलिंकिंगवर, म्हणजे वेण्यांना एकमेकींशी कायमचं बांधण्यावर. विक्रेता हे "स्थिर केलेलं" अशा एका शब्दात उरकतो. त्याला विचारा, कशाने? ग्लुटारल्डिहाइड असेल तर मजबूत होतं, पण उरलेलं अल्डिहाइड पेशींना विष, आणि शरीरात त्याच्यावर कॅल्शियम साठण्याची खोड जुनी आहे. नुसत्या उष्णतेने, निर्वातात १०५ अंशांवर दिवसभर ठेवूनही थोडी बांधणी होते. कोरड्या कोलॅजेनला हे सोसतं, ओलं असतं तर वेणी केव्हाच सुटली असती. जेनिपिन पेशींना सौम्य, पण नमुना गडद निळा होतो आणि फ्लुरोसन्सचे, म्हणजे चमकणाऱ्या रंगांचे, फोटो काढायचे असतील तर डोक्याला ताप.

आमच्याकडे बहुतेक वेळा ईडीसी आणि एनएचएस ही रसायनांची जोडी. ईडीसी स्वतः बंधात राहत नाही. साखळ्यांवरच्या कार्बॉक्सिल आणि अमाइन या दोन रासायनिक गटांची गाठ मारून बाजूला होतं, आणि त्याचा उरलेला भाग पाण्याने धुवून जातो. हे आवडून मी एका काळात सढळ हाताने वापरायचे. स्पंज छान टिकायचा, चार आठवडे जसाच्या तसा. पेशी मात्र गोल-गोल बसून राहायच्या, पसरायच्या नाहीत. पेशी कोलॅजेनला ज्या जागी हात घालते त्या क्रमात ग्लुटामिक आम्ल असतं, आणि ईडीसी नेमका त्याचाच कार्बॉक्सिल गट वापरून टाकतं. मी दाराला कुलूप लावताना कडीच काढून टाकत होते. पुस्तकी ५:२:१ (ईडीसी, एनएचएस आणि कोलॅजेनमधले कार्बॉक्सिल गट) या प्रमाणातला ईडीसीचा आकडा खूपच खाली आणल्यावर पेशी पुन्हा पसरू लागल्या, आणि स्पंज तीन आठवड्यांत विरघळू लागला. मला तेच हवं होतं. "आमचा स्कॅफोल्ड सहा महिने टिकतो" असं कुणी अभिमानाने सांगितलं तर मी आधी विचारते, पेशी काय करत होत्या सहा महिने?

पडद्यांबद्दल थोडं. डुकराच्या कोलॅजेनचे पातळ पडदे दंतवैद्यकात हाडाच्या भरणीवर झाकण म्हणून वापरतात, आणि गुडघ्याच्या कूर्चेसाठी रुग्णाच्याच पेशी अशा पडद्यावर वाढवून बसवायची एक पद्धत अमेरिकेत २०१६ च्या डिसेंबरमध्ये मंजूर झाली, मासी या नावाने. पडद्याला दोन अंगं असतात. एक गुळगुळीत, दाट, पेशींना अडवणारं, दुसरं खरखरीत, पेशींना धरणारं. कोरडा असताना फरक डोळ्यांना दिसतो. भिजला की दोन्ही बाजू सारख्याच बुळबुळीत. कूर्चेच्या कामात मी एकदा आठ पडदे उलटे ठेवून त्यावर पेशी सोडल्या होत्या आणि दोन दिवसांनी सगळ्या प्लेटच्या तळाशी सापडल्या. आता भिजवण्याआधी एका कोपऱ्याला तिरका काप देते. माल म्हणून पडदा मला आवडतो, शिवता येतो, चिमट्यात फाटत नाही. पण तो आधीच घडवलेला आहे, त्याच्यात बदल करायला वाव नाही.

माशाचं कोलॅजेन हल्ली फार खपतं. प्राणीजन्य रोगांची भीती कमी, गाय-डुक्कर नको म्हणणाऱ्यांची सोय, आणि मासे कापल्यावर फुकट जाणाऱ्या कातड्याचा उपयोग. कारणं सगळी पटतात. पण थंड पाण्यातल्या माशाच्या कोलॅजेनमध्ये हायड्रॉक्सिप्रोलिन, म्हणजे वेणी घट्ट ठेवणारं अमिनो आम्ल, कमी असतं, त्यामुळे वेणी लवकर सुटते. कॉडचं तर १५ अंशांच्या आसपास. इन्क्युबेटर ३७ ला. माझा पहिला नमुना रात्रीत पाणी झाला आणि मी बिचाऱ्या विद्यार्थ्याला विचारत होते की तू मीडियम घालायचं विसरलास का. उष्ण पाण्यातल्या तिलापियाचं बरंच बरं, तरी क्रॉसलिंकिंगशिवाय भरवसा नाही. घ्यायचंच असेल तर पत्रकात वेणी सुटण्याचं तापमान शोधा. ते छापलेलं नसेल तर त्याला कारण असेल.

पेशींसाठी थ्रीडी छपाईची हौस असणाऱ्यांसाठी एक आनंदाची गोष्ट. कोलॅजेन इतकं मऊ की थरावर थर रचताना स्वतःच्या वजनानेच बसतं, म्हणून बरीच वर्षं लोक प्रकाशाने घट्ट होणाऱ्या जिलेटिन-मेथाक्रिलेटकडे वळले होते. मीही वापरलं. आज्ञाधारक आहे, पण वेणी नाही, धागे नाहीत. पेशी त्यात राहतात, त्याच्याशी बोलत नाहीत असं मला वाटतं (हे वाटणंच आहे, मोजलेलं नाही). मग २०१९ मध्ये संशोधक अॅडम फाइनबर्ग यांच्या गटाने जिलेटिनच्या सूक्ष्म कणांच्या गाळात आम्लयुक्त कोलॅजेन छापून दाखवलं. गाळाचं पीएच उदासीन, त्यामुळे कोलॅजेन सुईतून बाहेर पडताच धरतं. काम झाल्यावर ३७ अंशांवर नेलं की जिलेटिन वितळतं आणि कोलॅजेन उभं राहतं. त्यांनी २० मायक्रॉनपर्यंत बारीक रेघ छापली आणि हृदयाचे भाग घडवले. उकळलेल्या भावाने न उकळलेल्या भावाला आधार द्यायचा आणि वेळ आली की निघून जायचं, ही कल्पना सुचली त्या माणसाला मी मनोमन हात जोडले. आमच्या प्रिंटरची सुई मात्र अजून तासातासाला तुंबते.

निर्जंतुकीकरण हा विषय कुणी विचारत नाही, आणि सगळ्यांत जास्त माल तिथेच बाद होतो. गॅमा किरणांनी साखळ्या तुटतात, नेहमीच्या २५ किलोग्रेच्या मात्रेनंतर स्पंज आधीपेक्षा लवकर विरघळतो. इथिलीन ऑक्साइड वापरलं असेल तर वायू पूर्ण निघून जाईपर्यंत थांबावं लागतं. विक्रेत्याने कशाने केलं हे डब्यावर असतं, पण ताठपणाचा आकडा त्याआधीचा की नंतरचा हे विचारावं लागतं. आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेचं यंत्र? एका सुट्टीनंतर उत्साहात कुणीतरी आमचे बारा ओले स्पंज इतर सामानासोबत ऑटोक्लेव्हमध्ये घातले. १२१ अंश, वीस मिनिटं. झाकण उघडलं तर बाटलीच्या तळाशी पिवळसर, चिकट द्रव. आमच्या इमारतीतले सुतारकाम करणारे काका तेव्हा कपाटाची फळी बसवायला आले होते. त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "सरस की हो, मॅडम. कुठून आणला?"

आता कुणी काय घ्यावं. पेशी आवळतात कशा, सरकतात कशा हे बघायचं असेल तर शेपटीची बाटली आणि मोठा लॉट. जखमेच्या दिशेने जायचं असेल तर स्पंज, पातळ, पापुद्रा कापलेला, बेताने बांधलेला. हाडासाठी नुसत्या कोलॅजेनच्या भरवशावर राहू नका, खनिज घातलेलं बघा. नुसता भिजला स्पंज हाडाच्या पेशींना गादीवर लोळायला सांगतो. आणि चेहऱ्याला लावायच्या कोलॅजेन क्रीमबद्दल मला घरून नेहमी फोन येतात, म्हणून सांगून टाकते: तीन लाख डाल्टनची वेणी त्वचेच्या वरच्या थरातून आत जात नाही. क्रीम वरवर ओलावा धरतं. तेवढंच.

त्या विद्यार्थिनीने आकसलेल्या गोळ्या फेकल्या नाहीत. रोज फोटो काढून त्यांचा व्यास मोजला, चौदा दिवस. एका लॉटमध्ये जेल निम्म्यावर यायला दीड दिवस लागला, दुसऱ्यात तीन. पेशी त्याच, मीडियम तेच, लेबलवरचा आकडाही जवळपास तोच. तिने तो आलेख छापून फ्रिजच्या दाराला चिकटवला आहे आणि खाली लाल पेनाने लॉट नंबर लिहिले आहेत. पुढची ऑर्डर तीच देणार आहे. सात बाटल्या, एकच लॉट, आणि "बर्फाच्या पिशव्या बाटलीला टेकवू नयेत" अशी ओळ तिने माझ्या आधीच लिहून ठेवली होती.